उन्हाचें बळद

समाजाच्या इतिहासांत राजांचीं नांवें आणि लढायांचीं वर्षें यांस जें स्थान मिळालें आहे, त्याच्या शतांशहि स्थान घरांतील सांठवणीस मिळालेलें नाहीं. वास्तविक पाहतां एखाद्या कुटुंबाचें बळ तें काय कमावतें यापेक्षां काय राखून ठेवूं शकतें यावरून अधिक नेमकें कळतें. मराठवाड्यांतील जुन्या घरांत खिडक्या नसल्यासारख्याच असत, बसण्याउठण्याची जागाहि बेताची असे. पण भिंतीच्या पोटांत धान्याचें बळद असे, अंगणांत पेव असे, माजघरांत कणगी आणि रांजण असत. ज्या प्रदेशांत पाऊस केव्हां येईल आणि केव्हां पाठ फिरवील याचा नेम नाहीं, तेथील लोकांनीं आपलें शहाणपण सांठवणींत घातलें होतें. या जुन्या शहाणपणाचा एक नवा अध्याय सध्यां आपल्या डोळ्यांदेखत लिहिला जात आहे. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अर्धापुरासारख्या तालुक्याच्या गांवीं आतां गच्च्यांवर सोलर पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. आणि ज्यांस ऐपत व हौस आहे असे कांहीं गृहस्थ जिन्याखालच्या कोपऱ्यांत त्या उन्हाची वीज धरून ठेवणारी बॅटरीहि बसवूं लागले आहेत. हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, कीं घर आणि गांव यांच्या नात्यांत यामुळें कांहीं बदल होत आहे, याचा इतिहासाच्या आधारें थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

अर्धापूर हें गांव जुनें. केशवराजाच्या मंदिरामुळें तें अभ्यासकांस माहीत आहे, तर केळीच्या बागांमुळें व्यापाऱ्यांस. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याचें पाणी या भागांत खेळतें, विहिरी आणि बोअर यांची त्यास जोड असते आणि केळीसारखें बारमाही तहानेचें पीक त्यावर उभें राहतें. अशा गांवीं पाणी आणि वीज या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहींत, कारण पाणी जमिनींत असलें तरी तें वर काढणारा हात विजेचा असतो. आतां येथील जुन्या घरांकडे पाहावें. या भागांतील मूळचें घर माळवदाचें. सागवानी तुळया, त्यांवर किलच्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि वरून पांढऱ्या मातीचें लिंपण असें हें सपाट छप्पर असे. त्यानें घर थंड राही हें तर खरेंच; पण माळवद म्हणजे गृहिणीचें उन्हांतील कारखानाघर होतें, हें विसरतां कामा नये. चैत्र-वैशाखांत त्यावर कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, चिंच, हळद, डाळी यांचें वाळवण पडे. वाळवण म्हणजे तरी काय? उन्हाळ्याचें ऊन पदार्थांत मुरवून तें आषाढ-श्रावणांत उपयोगीं पडेल असें राखून ठेवण्याची ती युक्ति. तेव्हां ज्या गच्चीवर आज पॅनेलें बसत आहेत, तिला उन्हाच्या सांठवणीचें काम नवें नाहीं. साधन तेवढें नवें आहे.

सूर्याच्या उष्णतेस यंत्राच्या जोखडास जुंपण्याची कल्पना अगदीं अलीकडे परदेशांतून आपल्याकडे आली, असा समज सुशिक्षितांतहि आढळतो. तो बरोबर नाहीं. मुंबईस डेप्युटी रजिस्ट्रार असलेले विल्यम ॲडम्स नांवाचे एक इंग्रज अधिकारी होते. फ्रान्समध्यें ऑगस्टीन मूशो यांनीं आरशांच्या साह्यानें पाण्याची वाफ करून यंत्रें चालविलीं होतीं. त्या प्रयोगांत सुधारणा करण्याचें ॲडम्स यांनीं मनावर घेतलें. १८७० नंतरच्या त्या दशकांत कुलाब्यास आपल्या बंगल्याबाहेर त्यांनीं लहान लहान सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर बसविले व त्यांची संख्या वाढवीत ७२ पर्यंत नेली. सूर्य जसजसा सरके तसतशी ती चौकट अर्धवर्तुळाकार मार्गानें फिरवीत व सर्व आरशांचा झोत एकाच बाष्पपात्रावर पाडीत. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचें एंजिन चालवून त्यांनीं पाण्याचा पंप ओढविला आणि दोन आठवडे तो प्रयोग लोकांस उघडा ठेविला. त्यांच्या उन्हावरील चुलीवर सात शिपायांचें जेवण जानेवारीच्या थंडींत दोन तासांत शिजे, असें त्यांनीं नमूद केलें आहे. १८७८ सालीं मुंबईसच त्यांचें पुस्तक छापलें गेलें. उष्ण देशांत इंधनाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, हा त्याचा विषय त्याच्या नांवांतच सांगितला आहे. आज शेतांत सौर पंप चालतांना पाहून ज्यांस नवल वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं याच महाराष्ट्राच्या भूमीवर उन्हावर पंप चालला त्यास जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं.

मग तो प्रयोग पुढें कां गेला नाहीं? कोळशाची सोय होत गेली, हें एक कारण खरें. पण दुसरें कारण अधिक मुळाचें आहे. ॲडम्स यांचा पंप सूर्यास्ताबरोबर थांबत असे. त्यांच्याजवळ ऊन गोळा करण्याची युक्ति होती, तें ठेवण्याची नव्हती. कोळसा म्हणजे, विचार केला तर, कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या उन्हाची पृथ्वीनें करून ठेवलेली सांठवणच होय. तो मध्यरात्रींहि जळतो आणि पावसाळ्यांतहि जळतो. ताज्या उन्हास शिळ्या उन्हानें हरविलें तें सांठवणीच्या जोरावर.

ताज्या उन्हाला सांठवणीची जोड मिळण्याकरितां विज्ञानाचे दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र यावे लागले. पहिला प्रवाह उन्हापासून थेट वीज करण्याचा. १८३९ सालीं एदमाँ बेकरेल या अवघ्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास, विद्युत्-द्रावणांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यांवर प्रकाश पडला असतां प्रवाह उत्पन्न होतो, असें आढळलें. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यांनीं सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन पॅनेलाचा पूर्वज तयार केला. परंतु पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारें शंभरावा हिस्साच त्यांतून विजेच्या रूपानें बाहेर येई. खरा पालट झाला तो १९५४ च्या एप्रिलमध्यें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनीं सिलिकॉनचा घट जगापुढें मांडला व त्याचें प्रमाण शेंकडा ६ पर्यंत नेलें. तो इतका महाग होता कीं १९५८ सालीं त्याला पहिलें खरें गिऱ्हाईक मिळालें तें आकाशांत, व्हॅन्गार्ड नांवाच्या कृत्रिम उपग्रहावर. आपल्याकडे सरकारी मालकीच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या संस्थेची स्थापना १९७४ सालीं झाली व तिनें १९७७ सालीं देशांतील पहिला सौर घट तयार केला. त्या सुमारास जगाच्या बाजारांत एका वॉटच्या घटास सुमारें ७६ डॉलर पडत; आज पाव डॉलरहि पडत नाहीं. दीड पिढीच्या आयुष्यांत कोणतीहि वस्तु इतकी स्वस्त झाल्याचें उदाहरण व्यापाराच्या इतिहासांत विरळा.

दुसरा प्रवाह सांठवणीचा. १८५९ सालीं गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाच्या तेजाबांत ठेवून पुन्हां पुन्हां भरतां येईल असा विजेचा घट केला. आजहि आपल्या घरच्या इन्व्हर्टरखालीं जी जड बॅटरी असते, ती याच घटाची वंशज. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शहरांतून विजेचे दिवे प्रथम लागले तेव्हां अनेक ठिकाणच्या वीजघरांत अशा बॅटऱ्यांच्या रांगाच असत; रात्रीं दिव्यांची संख्या कमी झाली कीं एंजिनें बंद करीत आणि पहाटेपर्यंतचें काम बॅटऱ्यांवर सोडीत. पुढें दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची पद्धत आली, वीज शेंकडों मैल नेतां येऊं लागली, आणि सांठवणीची ही रीत मागें पडली. आमच्या प्रांतांत १९१५ सालीं खोपोलीस टाटांनीं पाण्यावर केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली ती या नव्या पद्धतीनेंच. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं १९१६ नंतर डेल्को नांवाचीं लहान एंजिनें व त्यांच्या जोडीला कांचेच्या भांड्यांतील बॅटऱ्या घेऊन आपापल्या घरापुरता उजेड केला होता. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यानंतर गांवोगांव तारा पोंचल्या आणि त्या बॅटऱ्या अडगळींत गेल्या. घरोघरची सांठवण जाऊन तिच्या जागीं सर्वांची मिळून एक तार आली. ही घटना केवळ विजेपुरतीच घडली असें नाहीं. नळ आला आणि परसांतला आड बुजला. किराणा दुकान कोपऱ्यावर आलें आणि बळदांत जुनीं भांडीं ठेवूं लागले. विसाव्या शतकानें मध्यमवर्गीय घरास दिलेलें सर्वांत मोठें अभिवचन हेंच होतें कीं, तुम्ही सांठवूं नका; लागेल तेव्हां लागेल तितकें बाहेरून येत राहील.

मराठवाड्यास हें अभिवचन उशिरां मिळालें व अपुरें मिळालें, हा आमच्या विषयाचा मध्यबिंदु होय. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि त्याच वर्षीं राज्याचें विद्युत् मंडळ स्थापन झालें. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खांब आणि तारा खेडोपाडीं गेल्या. त्यापूर्वीं करडईच्या तेलाची पणती, रॉकेलची चिमणी व कंदील, आणि लग्नकार्यांत भाड्यानें आणलेली गॅसबत्ती, एवढाच रात्रीच्या उजेडाचा परिवार होता. १९७१ सालीं परळीस औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. मराठवाड्याची वीज मराठवाड्यांत होऊं लागली याचा लोकांस अभिमान वाटला व तो योग्यच होता. पण औष्णिक केंद्राला कोळशाइतकेंच पाणी लागतें, आणि पाण्याच्या बाबतींत या प्रदेशाचें नशीब सर्वांस ठाऊक आहे. २०१३ सालीं व पुन्हां २०१५ सालीं पाण्याअभावीं परळीचें केंद्र बंद ठेवावें लागलें. आणि २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. ज्या अवर्षणानें आड आटले त्यानेंच दिवेहि मालवावे, असा हा योग होता. त्या सर्व काळांत आकाश मात्र निरभ्र होतें.

त्याच्याहि आधींची २००५ पासूनचीं कांहीं वर्षें ज्यांनीं ग्रामीण मराठवाड्यांत काढलीं आहेत, त्यांस भारनियमन या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त झाल्याचें सांगण्यांत आलें, परंतु ज्या भागांत थकबाकी व गळती फार होती ते भाग त्यांतून वगळले गेले. शेतीपंपांस तर कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं अशा पाळीनें वीज देण्याची रीत दीर्घकाळ चालली. केळीच्या बागेंत रात्रीं एक वाजतां दारें धरावयास जाणाऱ्या माणसास विंचूकांट्याचें भय किती असतें, हें शहरांतील वाचकांनीं कल्पनेनेंच जाणावें. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी या हेतूनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरला म्हणजे पंप मिळतो. हें सर्व इष्ट आहे. मात्र शेताला सांठवणीची निकड तितकी नसते, कारण ऊन असतांना उपसलेलें पाणी जमिनींत किंवा शेततळ्यांत राहतें. शेताची बॅटरी म्हणजे तळें. घराचें तसें नाहीं. घराला विजेची खरी गरज दिवे लागणीनंतर असते, आणि पॅनेलाचें काम त्याच वेळीं संपतें.

या अडचणीवर शासनानें व नियामक आयोगानें काढलेला तोडगा म्हणजे नेट मीटर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २०१५ सालीं त्याचे नियम केले व २०१९ सालीं त्यांच्या जागीं नवे आणले. दिवसा घराला नको असलेली वीज तारेंत सोडावी, रात्रीं लागेल ती तारेंतून घ्यावी, आणि मीटरनें दोहोंची वजावट करावी, असा हा व्यवहार आहे. शेजाऱ्याच्या कणगींत आपलें धान्य ठेवून गरजेप्रमाणें परत आणण्यासारखाच तो आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली. तींत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटास ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपये मदत मिळते; तेव्हांपासून तालुक्याच्या गांवींहि पॅनेलांस बहर आला. ही मदत पॅनेलाच्या किलोवॉटवर मोजली जाते, सांठवणीवर नव्हे. त्यामुळें बहुतेक गृहस्थ बॅटरीवांचूनच पॅनेलें बसवितात. मग वैशाखांत एखाद्या दुपारीं वादळानें तार तुटते किंवा डीपी जळते, आणि डोक्यावर रणरणतें ऊन व छपरावर तीन किलोवॉटचीं पॅनेलें असूनहि घरांतला पंखा थांबतो. यजमानास वाटतें कीं आपण फसलों. तसें नसतें. तार मृत असतांना घरची वीज तींत शिरली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण जाईल, म्हणून तारेशीं जोडलेला इन्व्हर्टर अशा वेळीं आपोआप बंद पडावा, असा नियमच आहे; व तो योग्य आहे. परंतु या नियमाचा परिणाम असा कीं, ज्या गांवीं तार वारंवार तुटते त्याच गांवीं तारेच्या आधारावरचें पॅनेल वारंवार मुकें होतें. शेजाऱ्याची कणगी चांगली, पण शेजाऱ्याच्या दाराला कुलूप असेल तर आपलें धान्यहि आपलें नव्हे.

म्हणून बॅटरीची ओढ. आतां तिचा हिशेब मांडून पाहूं. आपल्याकडे एक किलोवॉटच्या पॅनेलास छायारहित अशी सुमारें शंभर चौरस फूट जागा लागते, व वर्षाच्या सरासरीनें तें दिवसाला चारएक युनिट वीज देतें. म्हणजे तीन किलोवॉटचीं पॅनेलें बारा युनिट देतील. अर्धापूर १९ अंश अक्षांशाच्या किंचित् उत्तरेस असल्यामुळें पॅनेलाचें तोंड दक्षिणेस ठेवून त्यास साधारण तितकाच उतार देतात. मेच्या मध्यावर तेथें सूर्य भर दुपारीं अगदीं माथ्यावर येतो. तथापि तेवढ्यावरून मे महिना पॅनेलास सर्वांत मानवतो असें समजूं नये. पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर चढणाऱ्या प्रत्येक अंशागणिक त्याची शक्ति शेंकडा पाव ते अर्ध्याच्या दरम्यान घटते. चैत्र-वैशाखांत पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलें म्हणजे सातवा हिस्सा तेथेंच जातो, आणि वर बसलेली धूळ धुतली नाहीं तर आणखी जातो. रात्रीचा खर्च पाहावा तर दोन पंखे आठ तास, चार दिवे पांच तास, एक फ्रिज व भ्रमणध्वनीसारखीं किरकोळ साधनें यांस मिळून सव्वादोन युनिटांच्या आंतच लागतें. म्हणजे बारा युनिटांपैकीं जेमतेम पांचवा हिस्सा राखून ठेविला कीं मध्यम कुटुंबाची रात्र सुखानें जाते. एअर कंडिशनर रात्रभर चालवावयाचा असेल तर मात्र हाच आंकडा चौपट-पांचपट होतो, व सांठवणीचें गणित गरजेचें न राहतां चैनीचें होतें.

शिशाची बारा व्होल्टची, दीडशें अँपिअर-तासांची बॅटरी नांवानें १.८ युनिटांची असते. पण तिचें आयुष्य टिकवावयाचें तर निम्मीच रिकामी करावी लागते. तेव्हां वरील रात्रीस अशा तीन लागतील, त्यांत मधून मधून शुद्ध पाणी घालावें लागेल व चार-पांच वर्षांनीं त्या बदलाव्या लागतील. लिथियमच्या बॅटरीचा बाजारांत प्रवेश १९९१ सालीं सोनी कंपनीनें केला. ज्या तिघांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेंतून १९९७ सालीं लोह व फॉस्फेट यांची जी जात पुढें आली, तीच आज घरांत विशेष वापरली जाते. त्या संशोधनांत अक्षय पाढी या भारतीय शास्त्रज्ञाचा प्रमुख भाग होता. ही बॅटरी शेंकडा ऐंशी-नव्वदपर्यंत रिकामी केली तरी चालते, म्हणून तीन युनिटांची एकच पुरते, व ती दहा वर्षांच्या वर टिकते. २०१० सालीं लिथियमच्या एका युनिटाच्या सांठवणीस हजाराहून अधिक डॉलर पडत; २०२४ सालीं जागतिक सरासरी ११५ डॉलरांच्या आसपास आली. घरापर्यंत येतांना कर, इन्व्हर्टर व मजुरी मिळून ही किंमत बरीच वाढते. तरीहि जी वस्तु पूर्वीं केवळ संशोधकाची होती ती आतां पगारदाराच्या विचारांत येऊं शकते.

सांठवण म्हटली कीं जोखीम आलीच, हें आमच्या पूर्वजांस चांगलें माहीत होतें. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. दाबून राहिलेल्या दूषित वायूनें माणसें गुदमरून मेल्याच्या गोष्टी गांवोगांव सांगतात. म्हणून पेवाचें तोंड आधीं उघडें ठेवून वारा खेळूं द्यावयाचा, हा दंडक. बॅटरीचेंहि तेंच आहे. शिशाच्या बॅटरीतून भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो, तेव्हां ती देवघराजवळ, समईच्या शेजारीं ठेवूं नये. लिथियमची लोह-फॉस्फेटाची जात आगीच्या दृष्टीनें इतरांहून सुरक्षित असली तरी तीहि पत्र्याच्या तापलेल्या खोलींत कोंडूं नये. आणि बळदांतील धान्यास जशी कीड लागे, तसा येथेंहि घाटा आहे. भरलेली सगळी वीज परत मिळत नाहीं, शिशांत पांचवा हिस्सा तर लिथियमांत दहाव्याच्या आसपास वाटेंतच जातो. जुनी बॅटरी भंगारवाल्यास देऊन त्यानें तें तेजाब नाल्यांत ओतावें, हें तर घोर पाप होय. २०२२ च्या नियमांनीं जुनी बॅटरी परत गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तिची आठवण ग्राहकानें दुकानदारास करून द्यावी.

येथवर घराचा विचार झाला. परंतु आमच्या मतें खरा प्रश्न याच्यापुढें आहे. ज्याच्या घरीं गच्ची आहे, ज्याच्या हातीं दोन लाख रुपये आहेत, त्यानें आपली वीज आपण केली व आपण सांठविली, तर त्याचें तारेवरचें लक्ष उडेल. गांवाच्या इतिहासांत हें एकदां घडून गेलें आहे. ज्या घरांत स्वतःचा आड असे, तें घर गांवविहिरीचा गाळ काढण्यास उत्साहानें पुढें येत नसे; आणि पुढें ज्यांच्या शेतांत सहाशें फुटांचें बोअर गेलें, त्यांस गांवच्या तळ्याची आठवण उरली नाहीं. तळें आटलें, मग बोअरहि आटलें. विजेची तारहि सामाईक वस्तु आहे. खांब, डीपी, वायरमनचा पगार यांचा खर्च वीज कमी वापरली म्हणून कमी होत नाहीं. देणाऱ्यांतील सधन माणसें निघून गेलीं तर तो उरलेल्यांवर पडतो. आणि उरलेले कोण? भाड्याच्या खोलींत राहणारा शिक्षक, पत्र्याच्या छपराखालचा मजूर, वरच्या मजल्याच्या सावलींत दडलेलें विधवेचें घर. ज्यांस छप्पर आपलें म्हणतां येत नाहीं, त्यांस सूर्यहि आपला म्हणतां येणार नाहीं, अशी ही स्थिति होईल.

यावर कोणी म्हणेल कीं, तार नीट चालत नाहीं म्हणूनच लोक बॅटरी घेतात. त्यांस दोष कसा द्यावा? हें म्हणणें खरें आहे, व आम्ही त्यांस दोष देत नाहीं. बारा तासांचा अंधार ज्यानें सोसला, आईच्या दम्याचें यंत्र किंवा मुलाची परीक्षा ज्याच्या घरीं विजेवर अवलंबून आहे, त्यास सार्वजनिक हिताचें व्याख्यान देणें हें क्रौर्य होय. अवर्षणाच्या मुलखांत बळद राखणें हा स्वार्थ नव्हता, ती गृहस्थाची पहिली जबाबदारी होती. पण त्याच मुलखांत बारवाहि होत्या. अहिल्याबाई होळकरांनीं ठिकठिकाणीं विहिरी व घाट बांधले तें त्यांच्या वाड्यांत पाणी नव्हतें म्हणून नव्हे. घरचें बळद आणि गांवची बारव या दोन्ही मिळून ती जुनी व्यवस्था पूर्ण होत होती. एकीनें घर तगे, दुसरीनें गांव तगे.

तेव्हां आम्हांस असें वाटतें कीं अर्धापुरासारख्या गांवानें या नव्या सांठवणीचा आरंभ दोन टोकांनीं करावा. गृहस्थानें आपल्या रात्रीच्या खऱ्या गरजेपुरती, दोन-तीन युनिटांची बॅटरी ठेवावी, आणि पॅनेलांची उरलेली वीज नेट मीटरनें तारेंतच सोडावी. तार सोडूं नये. तार जिवंत असेपर्यंत आपली जादा वीज शेजाऱ्याच्या उपयोगीं पडते, आणि श्रावणांतील झडीच्या आठवड्यांत, जेव्हां पॅनेल आंधळें होतें, तेव्हां तीच तार आपल्या उपयोगीं पडते. दुसऱ्या टोकास नगरपंचायतीनें व ग्रामपंचायतींनीं मोठ्या बॅटऱ्या प्रथम तेथें बसवाव्या जेथें अंधार सर्वांस बाधतो. लशींचा फ्रिज असलेलें आरोग्यकेंद्र, बाळंतिणीची खोली, पाणीपुरवठ्याचा पंप, जिल्हा परिषदेची शाळा, आणि ज्यांच्या घरीं उजेड नाहीं त्या मुलांस रात्रीं बसतां येईल अशी अभ्यासिका, हीं तीं ठिकाणें होत. यांस लागणारी वीज फार नाहीं; वर मांडलेला हिशेब पाहिला तर एका एअर कंडिशनरच्या रात्रीच्या खर्चांत अशा चार घरांची रात्र निभावते.

कुलाब्याच्या त्या आरशांपासून अर्धापूरच्या गच्चीपर्यंत येण्यास दीड शतक लागलें, आणि इतका वेळ कां लागला याचें उत्तर ऊन कमी होतें हें नव्हे. ऊन तितकेंच होतें. तें धरून ठेवण्याची युक्ति स्वस्त होण्यास एवढा काळ लागला. आतां ती हातीं आली आहे. मराठवाड्यास सांठवण कोणी शिकवावयास नको. वांटणीहि तो एकेकाळीं जाणत होता. अवर्षणाच्या वर्षीं ज्याचें पेव भरलेलें असे, त्याच्या दारीं गांव येई, व त्यानें दार लावून घेतलें तर लोक तें पिढ्यान् पिढ्या लक्षांत ठेवीत. हा लोकलज्जेचा नियम कोणत्याहि आयोगाच्या नियमांत लिहिलेला नाहीं. नव्या बळदांनाहि तो लागू करावयाचा कीं नाहीं, हें मात्र गांवानेंच ठरवावयाचें आहे.